महात्मा फुले जन आरोग्य योजना (अहिल्यानगर जिल्हा)

जुना आजार पाहून खासगी विमा कंपन्या ज्यांचा अर्ज फेटाळतात किंवा ज्यांना काही वर्षे थांबायला लावतात, अशा रुग्णांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण देणारी महाराष्ट्र शासनाची योजना. 2 जुलै 2012 रोजी ती ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा त्यांत नव्हता. 21 नोव्हेंबर 2013 रोजी राज्यभर विस्तार झाला, तेव्हा तो आला. 2017 मध्ये योजनेला आजचे नाव मिळाले.

अमेरिकेत 1976 पासून कनेक्टिकट, मिनेसोटा आदी राज्यांनी अशा जुन्या आजाराच्या रुग्णांचे वेगळे विमागट केले. सगळे आजारीच एकत्र आल्याने खर्च भडकला, हप्ते चढले, काही राज्यांत प्रतीक्षायाद्या लागल्या. महाराष्ट्राने रुग्ण वेगळे काढले नाहीत आणि हप्त्याचा भारही कुटुंबावर टाकला नाही.

भेद केला तो रेशनकार्डाच्या रंगाने. पिवळे आणि केशरी कार्ड आत, पांढरे बाहेर. पुढे मराठवाडा-विदर्भाच्या 14 आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाचे शेतकरी घेतले गेले, पण नगर जिल्हा त्या यादीत नव्हता. म्हणजे बीडमधल्या आष्टी-पाटोद्याचा शेतकरी पात्र आणि शिवेपलीकडचा, तोच दुष्काळ सोसणारा जामखेडचा शेतकरी अपात्र! 1 जुलै 2024 पासून सर्व कुटुंबे पात्र ठरली, संरक्षण दीड लाखांवरून 5 लाख रुपये झाले आणि उपचारांची संख्या 1,356 वर गेली.

लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय किंवा शिर्डीचे साईबाबा रुग्णालय घ्या. रुग्णाची गाठ आधी ‘आरोग्यमित्रा’शी पडते. रेशनकार्ड, ओळखपत्र, तपासण्यांचे कागद संगणकावर चढतात आणि नातेवाईक “मंजुरी आली का?” विचारत बाकावर बसून राहतात. घरी परतण्याचे एसटीचे भाडेही पॅकेजमध्ये धरलेले असते. ते मागून घ्यावे.

खरी उणीव बाह्यरुग्ण उपचारांत आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची रोजची गोळी योजनेत नाही. ती सुटली, मूत्रपिंड गेले, की डायलिसिस मात्र मंजूर. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. असे दारापर्यंतचे काम विम्याला जोडले, तर जोखीम आणि खर्च दोन्ही घटतील.

माहिती व तक्रारीसाठी 155388 हा क्रमांक आहे.