कोलोकेशन म्हणजे काय? छोट्या कंपनीचं मशीन, मोठ्या कंपनीची जागा

इंटरनेट कॉलिंग देणारी छोटी कंपनी आपला सर्व्हर आणि गेटवे कधीकधी मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये, भाड्याच्या रॅकवर ठेवते. यालाच कोलोकेशन म्हणतात. मशीन तिचं; जागा, एसी आणि बॅटरी बॅकअपची ४८ व्होल्ट डीसी वीज मोठ्या कंपनीची. आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सहज वाटतं. मशीन फोन नेटवर्कला खेटून असलं की त्यातला थोडा वेळ वाचतो.

पण इथे घरमालकच स्पर्धक असतो! म्हणून अमेरिकेत १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्टने जुन्या स्थानिक फोन कंपन्यांना स्पर्धक फोन कंपन्यांसाठी वाजवी दरात जागा देणं बंधनकारक केलं.

करारात मी आधी एकच कलम बघेन: रात्री दोनला मशीन अडकलं तर आत कोण जाणार? आपल्या माणसाला परवानगी नसेल, तर त्यांचा टेक्निशियन येईपर्यंत ग्राहकांचे फोन बंद.