पत्र, तबकडी, पडदा: प्रसूतिशिक्षणाचा दूरस्थ इतिहास

२०२० च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील प्रसूतिपूर्व शिक्षणाचे वर्ग बंद पडले आणि गर्भवती स्त्रिया संगणकासमोर येऊन बसल्या. बाळंतपणाचे धडे असे दुरून घेण्याची वेळ प्रथमच आली, असे तेव्हा अनेकांना वाटले. आम्हांस ते तितकेसे पटत नाही.

ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांचे 'नॅचरल चाइल्डबर्थ' हे पुस्तक १९३३ साली निघाले. भीतीने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना वाढतात आणि वेदनांनी पुन्हा भीती. हे चक्र ज्ञानाने आणि शिथिलीकरणाने मोडता येते, हा त्यांचा सिद्धान्त. १९४२ मध्ये त्यांचे दुसरे पुस्तक आले. दुसऱ्या महायुद्धानंतर देशोदेशीच्या स्त्रिया त्यांना पत्रे लिहू लागल्या. पुस्तक वाचून घरी एकटीने सराव करायचा आणि प्रसूत झाल्यावर कधीही न पाहिलेल्या डॉक्टरांना सारी हकीकत कळवायची, असा हा क्रम. पुढे डिक-रीड यांनी ग्रामोफोनची तबकडीही काढली. दूरस्थ शिक्षण म्हणतात ते याहून निराळे काय होते?

या सिद्धान्तात एक काटाही होता. भीती नाहीशी केली की वेदना जातात, असे म्हटल्यावर जिला वेदना झाल्या तिचेच काही चुकले, असा अर्थ निघू लागला. 'आदिम' स्त्रिया सहज प्रसूत होतात हे डिक-रीड यांचे गृहीतकही वांशिक पूर्वग्रहातून आलेले. परंतु त्यांनी एक गोष्ट अचूक हेरली होती: कळा देणाऱ्या स्त्रीला एकटी सोडणे हे क्रौर्य आहे. त्यांना आलेल्या पत्रांत या एकटेपणाची तक्रार वारंवार भेटते.

शिक्षणाचे सामूहिक रूप या सुमारास आकाराला आले. १९५१ साली फेर्नां लामाझ सोव्हिएत रशियात जाऊन आले आणि पॅरिसमधील धातुकामगार संघटनेच्या इस्पितळात त्यांनी श्वसनाचे धडे सुरू केले. १९५६ साली प्रुनेला ब्रायन्स यांनी 'टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन समविचारी स्त्रियांना हाक दिली. त्यातून उभी राहिलेली संस्था आज नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्ट म्हणून ओळखली जाते. या वर्गांत आठवणीत राहिले ते श्वसन किती, आणि शेजारी बसलेली तितक्याच महिन्यांची गर्भार बाई किती, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

कारण पडद्यावर नेमके तेच निसटले. माहिती पोहोचली, अंथरुणाला खिळलेल्या किंवा दूर राहणाऱ्या स्त्रीला घरबसल्या शिकता आले. मात्र वर्ग सुटल्यावर जिन्यात रेंगाळणाऱ्या गप्पा, 'तुलाही असेच होते का?' हा दबक्या आवाजातला प्रश्न, यांना पडद्यावर जागा सापडेना. त्यातच अनेक रुग्णालयांनी सोबतीवर निर्बंध घातले. शिकताना एकटी असलेली स्त्री प्रसूतीच्या वेळीही बराच काळ एकटीच राहिली.

प्रसूतिपूर्व वर्गांचा नेमका परिणाम किती, याविषयी संशोधनाचा निर्वाळा आजही अस्पष्ट आहे. उलट, प्रसूतीच्या वेळी सतत सोबत असली तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते आणि कळांचा काळ काहीसा घटतो, असे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्यांच्या आधारे नोंदवले आहे. भारतातही २०१६ साली केंद्र शासनाने सरकारी रुग्णालयांत प्रसूतिसमयी स्त्री सोबतीण असू द्यावी असे सुचवले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडणाऱ्या समाजाला हे परिपत्रकाने सांगावे लागले, कारण माहेरची माणसे प्रसूतिगृहाच्या दारापर्यंतच पोहोचत होती.

पत्र, तबकडी, पडदा ही ज्ञान पोहोचवण्याची साधने. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्याकडून सोबतीची अपेक्षा करणे, किंवा ती आहेत म्हणून सोबत वगळणे, ही आमच्या मते इतिहासाचा चुकीचा अर्थ लावण्यासारखी गोष्ट आहे. धडा दुरून घेता येतो. हात मात्र जवळचाच लागतो.