सांगत्ये ऐका

नटीचं आत्मचरित्र म्हटलं की आपल्याकडे अजून नाकं मुरडतात. संसार टाकून गेलेली बाई, तिचं काय वाचायचं, असं आमच्या वाचन गटातही कुणीतरी म्हणालंच. म्हणून आज हंसा वाडकरांविषयी बोलू या.

हंसाबाईंचं मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३ चा. घर चालावं म्हणून पोरवयातच त्यांना सिनेमात घातलं. १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ आला तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. घराण्याचं नाव पडद्यावर नको, म्हणून आडनाव बदललं. म्हणजे नाव चालत नव्हतं, पगार मात्र चालत होता!

लग्न झाल्यावर काम सोडून चारचौघींसारखा संसार करावा, ही त्यांची हौस. पण नवऱ्यालाही कमाई हवीच होती, आणि वर संशयही. पडद्यावर ‘संत सखू’मध्ये सासुरवास सोसणारी सून गाजत होती, घरी वेगळा सासुरवास चालू होता. पुढं एकदा त्या घर सोडून एका माणसाबरोबर निघाल्या आणि आल्या कुठं, तर आपल्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात. तिथं त्याच्या आधीच्या बायका नांदत होत्या. घरंदाजपणा मिळाला, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची मुभा गेली. शेवटी ज्या नवऱ्याला सोडलं, त्यालाच निरोप धाडून सुटका करून घ्यावी लागली.

हे सगळं त्यांनी अरुण साधूंना सांगितलं. आधी ‘माणूस’मध्ये छापून आलं, १९७० मध्ये पुस्तक निघालं. नाव दिलं आपल्याच १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटाचं, ‘सांगत्ये ऐका’. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा पुष्कळांनी पाहिलाय, पुस्तक थोड्यांनी वाचलंय.

आता सांगा, या बाईनं संसार नाकारला कुठं? तिनं तो तीन-तीनदा मागितला. नाकारला तो व्यवहार, ज्यात कमवायचं बाईनं आणि ठरवायचं दुसऱ्यानं. बचत गटाचं पासबुक कुणाच्या कपाटात असतं, हे आठवलं की ही गोष्ट फार जुनी वाटत नाही.

दुर्गा खोटे चांगल्या सधन घरातल्या. तरुणपणी वैधव्य आलं, पदरात दोन मुलं. त्यांनी कामावरच घर उभं केलं. ‘मी, दुर्गा खोटे’ वाचताना आवाज ठाम लागतो, कारण पाठीशी शिक्षण आणि माहेर होतं. ‘माणूस’ सिनेमातल्या शांता हुबळीकरांना मात्र उतारवयात वृद्धाश्रम गाठावा लागला. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘कशाला उद्याची बात’. ते वाचून आमच्या गटात बराच वेळ कुणी बोललं नाही.

आणि फडावर नाचणाऱ्या बाया? परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये लिहिलं. आईचं नाव त्यांनी आपल्या नावात घेतलं. त्या आईची गोष्ट आपल्याला कळते ती मुलाच्या तोंडून. शांताबाईंनी स्वतः सांगितलेलं पुस्तक आमच्या कपाटात नाही.

पुढच्या बुधवारी ‘सांगत्ये ऐका’ची पहिली काही पानं वाचायला घेऊ. सासवांनाही घेऊन या.