निरोप आणि चव्हाटा

व्यापारांत मालाची देवघेव होते, तशीच मालाविषयीं बोलणींहि होतात. हीं बोलणीं दोन रीतींनीं चालतात. एक तर ज्याचा त्याला घरपोंच निरोप पाठवावयाचा. किंवा सर्वांनीं एका ठिकाणीं जमून चारचौघांत बोलावयाचें. यांतील कोणती रीत पत्करावी, हा प्रश्न वरवर पाहतां सोयीचा वाटतो. परंतु शेतकऱ्याच्या पदरांत काय पडावें, हें पुष्कळदां त्याच्याच उत्तरावर ठरलें आहे. हिंगोलीच्या बाजारपेठेचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं झाला. तत्पूर्वीं तो परभणी जिल्ह्याचा भाग होता. निजामी अमलांत येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. भोंवतालचा मुलूख कापसाचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धानें हिंदुस्थानच्या कापसाला विलायतेंत एकाएकीं मागणी आली, आणि १८७० सालीं समुद्राखालून तार आल्यावर लिव्हरपूलचा भाव मुंबईस झपाट्यानें पोहोंचूं लागला. १९१२ सालीं पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आगगाडी आली. बाजार अशा रीतीनें जगाशीं जोडला गेला. पण तार येई ती पेढीवर! कळमनुरी किंवा सेनगांवाकडून बैलगाडी हांकीत येणाऱ्या कुणब्याला तिचा थांगपत्ता नसे. निरोप ज्याच्या हातीं, भाव त्याच्या हातीं, असा तो प्रकार होता.

बाजारांत पोहोंचल्यावर तरी काय होई? देशांतील अनेक पेठांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखालीं हात घालून बोटें दाबीत व सौदा ठरवीत. मालाचा धनी शेजारींच उभा असे. परंतु कोणीं किती देऊं केलें, हें त्याला कळत नसे. मागाहून अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नांवांखालीं रक्कम कापली जाई ती निराळीच.

या खाजगी कुजबुजीवर उपाय शोधला गेला तो हिंगोलीच्या शेजारीं, वऱ्हाडांत. कारंजा येथें १८८६ सालीं रेसिडेन्सीच्या हुकुमान्वयें नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य-बाजारांसाठीं कायदा झाला. १९२८ सालीं शाही शेतकी कमिशननें असे बाजार सर्वत्र व्हावेत, अशी शिफारस केली. हैदराबाद संस्थानानें १९३० सालीं आपला कायदा केला, तर महाराष्ट्राचा कायदा १९६३ सालचा आहे. या साऱ्या खटपटीचा गाभा उघड लिलाव हा होय. बोली मोठ्यानें पुकारली म्हणजे ती मालाच्या धन्याला ऐकूं येते. ज्याचा ढीग अजून पुढें आहे, त्यालाहि ऐकूं येते. तक्रार उद्भवल्यास दहा साक्षीदार मिळतात.

तथापि चव्हाट्यालाहि उणीव आहे. तेथें न आलेल्याला कांहींच कळत नाहीं. आणि आलेला मनुष्य भाडें भरून, पोतीं घेऊन आलेला असतो. भाव पडला म्हणून माघारीं फिरणें त्याला परवडत नाहीं. खरेदीदारांनीं आपसांत संगनमत केलें, तर उघड लिलावहि नुसता देखावा ठरतो.

येथें निरोपाचें महत्त्व पटतें. २०१३ सालीं केंद्र सरकारनें शेतकऱ्यांच्या मोबाइलवर संदेश धाडण्याची योजना सुरू केली. आज हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डांतील हळदीचा भाव गाडी भरण्यापूर्वींच खेडोपाडीं कळूं शकतो. मात्र असा संदेश ज्यानें त्यानें एकट्यानें वाचावयाचा. त्याला प्रतिप्रश्न विचारतां येत नाहीं, आणि शेजाऱ्यानें त्यावर काय ठरविलें, तेंहि समजत नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेला राष्ट्रीय कृषि बाजार, म्हणजे ई-नाम, दूरच्या खरेदीदारालाहि एकाच लिलावांत आणूं पाहतो. चव्हाटा विस्तारण्याचाच तो यत्न आहे.

तेव्हां दोहोंपैकीं एकाची निवड करून भागत नाहीं. कोणतें काम कोणाकडे द्यावयाचें, एवढेंच ठरवावें लागतें. बाजारास जावें कीं थांबावें, हें ठरविण्यास घरपोंच निरोप हवा. भाव ठरावयाचा तो मात्र सर्वांच्या देखत ठरावा. ज्या नरसीच्या नामदेवांचें नांव त्या यार्डानें धारण केलें आहे, त्यांनीं आपलें म्हणणें कीर्तनांत, समुदायापुढें उभें राहून सांगितलें. त्या नांवाच्या आवारांत तरी पैशाची गोष्ट कोणाच्या कानांत सांगितली जाऊं नये.