चार रुपयांचा गोलंदाज

आमच्या कळंबकडे टेनिस बॉलच्या स्पर्धेत पैसे देऊन बाहेरचा गोलंदाज आणला, की लोक नाकं मुरडतात. मला बाळू पालवणकर आठवतात.

चर्मकार समाजातले बाळू पुण्यात पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडत. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या क्लबाने ४ रुपये देऊ केले. तिथे साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायची; बॅट मात्र हाती दिली जात नसे. पुढे हिंदू क्लबाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले.

क्लब बदलून रुपया वाढला. मानासाठी तीस वर्षं गेली. पैसे घेणाऱ्या पोराला नावं ठेवण्याआधी, त्याला जेवायला कुठे बसवता ते बघा.