संगणकाच्या देवडीवरचा पहारा



कारखान्याच्या दारावर दोन प्रश्न विचारले जातात: आत येणारा कोण, आणि बाहेर चालले आहे ते काय? माझे सारे आयुष्य अशा दारांपाशी गेले. बिल्ला, हजेरीचा मस्टर, गेटपास ही आमची रोजची भाषा. म्हणून विद्यापीठाच्या संगणकाकडे मजकूर सुरक्षित कसा पाठवावा व तिथून परत कसा आणावा, ह्या विषयाचा इतिहास मी वाचू लागलो, तेव्हा तो मला परका वाटला नाही. मुलुंड-बोरिवलीची आपली मुले-मुली आज घरात बसून पवईच्या किंवा पुण्याच्या यंत्राला काम लावतात. ती ज्या दाराने आत जातात ते दार कोणी बांधले आणि त्यावर पहारा कसा बसला, एवढेच मला सांगायचे आहे.

गोष्ट जुनी आहे. मराठेशाहीतल्या पत्रांवर आरंभी मुद्रा असे आणि मजकूर संपला की मर्यादेची मोहोर असे. पुढे कोणी चार ओळी वाढवू नयेत, हा तिचा हेतू. पत्र लांब असेल तर कागदाचे तुकडे डकवून पट्टी करीत आणि सांध्यावरही शिक्का मारीत, म्हणजे मधला एखादा कागद बदलता येऊ नये. पत्र कोणाचे, ते वाटेत कोणी वाचले काय, आणि ते जसेच्या तसे पोचले काय, हे तीन प्रश्न जासूदाच्या काळी होते तेच आजही आहेत.

मुंबईत संगणक प्रथम कुलाब्याला आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी स्वतःच्या हातांनी यंत्र बांधले. त्याचा नमुना १९५६ मध्ये चालू झाला, पूर्ण यंत्र १९६० पर्यंत उभे राहिले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्याच्या स्मरणात २०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४० अंकांचा. आजच्या यंत्रांच्या हिशेबाने माझे हे व्याख्यानदेखील त्यात मावले नसते! १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आले, आणि मुंबईतल्या व बाहेरगावच्या संस्थांची कामे तिथे येऊ लागली.

कामे येत ती कशी? छिद्रे पाडलेल्या कार्डांवर. एका कार्डात ८० रकाने, एका खोक्यात सुमारे २००० कार्डे. पवईची तंत्रविज्ञान संस्था १९५८ मध्ये सोव्हिएत साहाय्याने स्थापन झाली होती. तिथून कुलाब्याला खोके न्यायचे म्हणजे आधी घाटकोपरपर्यंत बस, मग बोरीबंदरपर्यंत लोकल, मग पुन्हा बस. कार्डे सांडली तर क्रम लावता यावा म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीची तिरकी रेघ मारून ठेवीत. पावसाळ्यात कार्डे दमट होऊन फुगत आणि यंत्रात अडकत. चोरीची भीती मात्र कोणाला नव्हती, कारण यंत्रापर्यंत पोचायचे तर दारावरच्या रखवालदारासमोरून जावे लागे, आणि रखवालदार माणसाला तोंडावरून ओळखी.

आमच्या चळवळीचे काय, असे आपण विचाराल. कामगार-संघटना संगणकाच्या विरुद्ध होत्या, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. आयुर्विमा महामंडळात यंत्र येणार म्हणताच कर्मचाऱ्यांनी कलकत्त्याच्या इलाको हाउसवर पहारा ठेवला होता. सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर वि. म. दांडेकरांची समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत संगणकासंबंधी करार झाला तो १९८३ मध्ये. त्या विरोधाला आज हसणारे पुष्कळ भेटतात. माझे मत असे की, काम कोणाचे जाणार हा प्रश्न रास्त होता. तो विचारला गेला म्हणूनच बँकांत यंत्रे करार करून आली, नाहीतर ती नुसत्या हुकुमाने आली असती. पण चावी कोणाच्या हातात राहणार, हा दुसरा प्रश्न आम्ही त्या मानाने थोडा विचारला.

आता आपल्या उपनगरांकडे येतो. इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने १९८६ मध्ये अर्नेट नावाचे जाळे विणायला घेतले. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, स्वतः खाते आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे भागीदार. त्या जाळ्यातला पहिला टपालव्यवहार सुरू झाला तो जुहूचे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये. अंधेरीच्या पलीकडून पवईच्या तलावापर्यंत! साध्या टेलिफोनच्या तारेवरून एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, साठलेले निरोप हवाली करी, तिकडचे घेई आणि फोन ठेवी. मुंबईचे त्या काळचे टेलिफोन ज्यांनी वापरले आहेत त्यांना ह्यातले कष्ट सांगावे लागणार नाहीत. पुढे सेकंदाला ९६०० अंक वाहणाऱ्या भाड्याच्या तारा आल्या. त्यांवरून एक मेगाबाइट जायला पंधरा मिनिटे लागत. मोबाइलवर आलेला एक साधा फोटो आज त्याहून मोठा असतो.

येथून रखवालदार नाहीसा झाला. यंत्रापुढे माणूस उभा राहीना, त्याचा केवळ परवलीचा शब्द तारेवरून येऊ लागला. फाइली पाठवण्याची रीत, जिला एफटीपी म्हणतात, तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये एका भारतीयाने लिहिला होता. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे अभय भूषण, तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकत होते. त्या काळी जाळ्यावर मोजकी यंत्रे होती आणि सारे एकमेकांच्या ओळखीचे. त्यामुळे परवलीचा शब्द ह्या रीतीत उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. गाव लहान होते तोवर चालले. गावाचे शहर झाले तेव्हा वाटेत बसून पोस्टकार्डे वाचणारे निघाले.

१९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असा चोरटा वाचक बसवून हजारो परवलीचे शब्द टिपले. तिथला संशोधक टाटू युलोनेन ह्याने काही महिन्यांत त्यावर उपाय रचला आणि त्याच वर्षी जुलैत तो जगाला फुकट देऊन टाकला. त्याचे नाव एसएसएच. जुन्या दोन असुरक्षित रीतींचे दरवाजे २१ आणि २३ क्रमांकाचे होते. त्याने मधला रिकामा २२ क्रमांक मागितला, आणि तो मिळालाही. वर्षअखेर ५० देशांत सुमारे २०,००० माणसे ही रीत वापरू लागली होती.

तिची युक्ती समजायला कठीण नाही. प्रत्येकाने किल्लीच्या दोन अर्धुका करायच्या. जाहीर अर्धुक यंत्राच्या दाराशी नोंदवायचे, गुप्त अर्धुक स्वतःजवळ ठेवायचे. गुप्त अर्धुकाने केलेली सही जाहीर अर्धुकावर ताडून पाहता येते, पण जाहीर अर्धुकावरून गुप्त अर्धुक घडवणे व्यवहारात अशक्य. म्हणजे परवलीचा शब्द वाटेवर निघतच नाही. वर सारा मजकूर कुलुपबंद जातो. आणि दारानेही आपली ओळख पटवावी लागते. पहिल्यांदा गेलात की यंत्र आपल्या किल्लीची खूण दाखवते, आणि ती कार्यालयाने दिलेल्या खुणेशी मिळते का, हे पाहून मग पुढे व्हायचे. पुष्कळ जण न वाचताच ‘हो’ म्हणतात. हे म्हणजे दारात आलेल्या कोणालाही टपालवाला समजून थैली देण्यासारखे झाले.

ह्याच वाटेने फाइली नेण्याच्या एससीपी व एसएफटीपी ह्या रीती निघाल्या. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात ट्रिजेल आणि मॅकेरस यांनी आरसिंक रचले. ते दोन्हीकडच्या प्रती ताडून फक्त बदललेला भाग पाठवते. वाटेत तार तुटली तरी सारे पहिल्यापासून करावे लागत नाही. मोठ्या फाइलीसोबत तिची एक ठरावीक लांबीची खूण काढून ती दोन्ही टोकांना जुळवतात. एक अक्षर बदलले तरी खूण बदलते. मर्यादेच्या मोहोरेचे हे आजचे रूप. २०२२ पासून एससीपीची आज्ञासुद्धा ओपनएसएसएचमध्ये आतून एसएफटीपीच्याच रीतीने चालते, कारण जुन्या रीतीत दोष सापडले होते.

मोठा विद्यापीठीय संगणक म्हणजे एकच अजस्र यंत्र नव्हे. शेकडो यंत्रे जोडून केलेला तो तांडा असतो. त्याच्या पुढे एक देवडी असते. बाहेरच्याने देवडीपर्यंत यायचे, सामान ठेवायचे, काम रांगेत लावायचे. आतल्या साच्यांवर नंबर लागला की काम होते. देवडीवरच दळण मांडून बसणाऱ्यावर सारे चिडतात, आणि ते रास्त आहे.

पण पहारा कितीही कडक असला तरी किल्ली माणसाजवळ असते. मे २०२० मध्ये युरोपातल्या अनेक महासंगणकांत चोर शिरले. एडिंबराचा आर्चर बंद करावा लागला, सर्वांचे परवलीचे शब्द आणि किल्ल्या बदलाव्या लागल्या. कुलूप कोणी फोडले नव्हते. वापरणाऱ्यांच्या किल्ल्या चोरून, त्यांच्याच नावाने लोक आत गेले होते, आणि तपासणाऱ्यांच्या मते त्यांतले काही आभासी नाणी पाडण्यासाठी यंत्र राबवीत होते. गुप्त अर्धुकाला स्वतःचा परवलीचा शब्द लावून ठेवावा असे जे सांगतात, ते ह्याच कारणासाठी.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. अंधेरीच्या एका कंपनीत, नाव सांगत नाही, बारा कंत्राटी मुलांना मिळून एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द दिलेला होता. एक फाइल बाहेर गेली. नोंदवहीत ते सामाईक नाव होते, आणि त्या पाळीवर असलेल्या मुलाला घरी बसवले. चौकशीत आम्ही एकच मुद्दा धरला: नोंदवही खोटे बोलत नाही, पण ती नावच सांगते, माणूस सांगत नाही. बारा जणांना एक बिल्ला दिलात तर बिल्ला हा पुरावा होत नाही. चौकशी अधिकारी म्हणाले, वेगळी नावे काढायला खर्च येतो. आम्ही विचारले, किती? त्यांनी संगणक विभागाच्या माणसाला बोलावले. तो म्हणाला, “साहेब, खर्च काहीच नाही. एका दुपारचे काम आहे.”

मुलगा कामावर परत आला. त्यानंतरच्या मागणीपत्रात आम्ही बोनसच्या खाली एक नवे कलम घातले: प्रत्येक कामगाराला यंत्रावर स्वतःचे नाव आणि स्वतःची किल्ली मिळावी, आणि नोंदवहीतला आपला भाग वाचण्याचा हक्क असावा. पहिला भाग मान्य झाला आहे. दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत.