अमेरिकेतील अपंग विद्यार्थ्यांचा शिक्षणहक्क आणि वकील-फीच्या वसुलीचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कायद्याने हक्क दिला म्हणजे तो पदरात पडतोच असे नाही. न्यायालयाची पायरी चढण्याचा खर्च ज्याला पेलत नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो. अमेरिकेतील विशेष शिक्षणविषयक कायद्याच्या वाटचालीतून ही बाब स्पष्ट होते.

१९७५ चा कायदा व त्यातील उणीव :
२९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या स्वाक्षरीने संमत झालेल्या कायद्याने अपंग बालकांना मोफत व योग्य सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला. शाळेचा निर्णय अमान्य असल्यास पालकांना सुनावणी मागण्याची व न्यायालयात जाण्याची मुभा होती. मात्र वकिलाच्या फीबाबत कायदा मौन होता. अमेरिकन प्रथेनुसार खटला जिंकणाऱ्यासही आपल्या वकिलाची फी स्वतःच भरावी लागते. त्यामुळे पालक अन्य नागरी हक्क कायद्यांच्या आधारे फी मागत असत. ५ जुलै १९८४ रोजी ‘स्मिथ विरुद्ध रॉबिन्सन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग बंद केला. अशा दाव्यांसाठी १९७५ चा कायदा हाच एकमेव मार्ग होय, असे बहुमताचे मत होते. न्या. ब्रेनन यांनी भिन्नमत नोंदविले.

१९८६ ची दुरुस्ती :
काँग्रेसने १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा करून यशस्वी पालकांना वाजवी फी देववण्याचा अधिकार न्यायालयास दिला. ४ जुलै १९८४ रोजी प्रलंबित असलेल्या खटल्यांनाही ही तरतूद लागू करून न्यायालयाचा निर्णय जवळजवळ पुसून टाकला. तथापि, शाळेने देऊ केलेली तडजोड सबळ कारणाविना नाकारून पालकांनी त्याहून अधिक काही मिळविले नाही, तर त्यानंतरची फी मिळत नसे.

अधिकाराचा संकोच :
२००१ च्या ‘बकहॅनन’ निर्णयाने, खटल्याच्या दबावाखाली प्रतिपक्षाने आपणहून मागणी मान्य केल्यास फी मिळणार नाही, असे ठरविले. तो निर्णय अन्य कायद्यांखालील असला तरी कनिष्ठ न्यायालयांनी तो विशेष शिक्षणाच्या खटल्यांनाही लावला. २००४ च्या दुरुस्तीने निराधार दावा करणाऱ्या पालकांच्या वकिलावर शाळेची फी बसविण्याची तरतूद केली. २००६ मध्ये ‘आर्लिंग्टन’ खटल्यात, जिंकलेल्या पालकांनाही तज्ज्ञांचे शुल्क वसूल करता येणार नाही, असा निर्णय झाला. वस्तुतः मुलाची गरज सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाची साक्ष अनेकदा निर्णायक ठरते.

निष्कर्ष :
मूळ हक्क १९७५ पासून अबाधित राहिला. बदलत गेली ती त्याच्या अंमलबजावणीच्या खर्चाची वाटणी. हा खर्च जितका पालकांवर पडतो, तितका हक्क संपन्न कुटुंबांपुरता सीमित होतो. म्हणूनच वकील-फीची वसुली ही तांत्रिक बाब नसून शिक्षणातील समतेचा प्रश्न ठरते.